नकाशातले अंतर पाहून मेक्सिकोचा नाका ठरवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला अमेरिकेतून मेक्सिकोत मोटारीने जाण्याविषयीचा लेख वाचला. किनारे, पिरॅमिड, खाणेपिणे यांवर भरपूर मजकूर होता. सीमा कुठून ओलांडावी यावर मात्र 'सर्वांत जवळच्या नाक्यावरून' एवढेच. अमेरिकेत शिकणारी, नोकरी करणारी कितीतरी मराठी मुले नाताळच्या सुट्टीत ही सहल आखतात आणि भेटीला आलेले आईवडीलही सोबत निघतात. त्यांच्यासाठी हा सल्ला घातक आहे, म्हणून हे पत्र.

अंतर सगळ्यात शेवटी बघावे. आधी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. गाडीला परवाना लागतो का? तो देणारे कार्यालय नेमके कुठे आहे? आणि तिथले काम उरकून पहिल्या मुक्कामाला अंधार पडायच्या आत पोहोचता येईल का?

सीमेलगतचा वीस-पंचवीस किलोमीटरचा पट्टा, संपूर्ण बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प आणि सोनोरा राज्याचा मोठा भाग इथे परदेशी गाडीला परवाना लागत नाही. त्यापुढे गाडीचा तात्पुरता आयात परवाना हवा. तो बान्हेर्सितो ही लष्कराची बँक देते. शुल्काखेरीज अनामत भरावी लागते: 2007 किंवा त्यानंतरच्या गाडीला 400 डॉलर, 2001 ते 2006 च्या गाडीला 300, त्याआधीच्या गाडीला 200. पासपोर्ट, पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेशाचा कागद, वाहन चालवण्याचा परवाना आणि अर्जदाराच्याच नावाची गाडीची नोंदणी, हे सारे मूळ प्रतींसह हवे. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे संमतिपत्र लागते आणि ते मिळायला दिवस जातात. गाडी मित्राच्या नावावर असेल तर खिडकीवरूनच परत फिरावे लागते. भाड्याच्या गाडीसाठी कंपनीची लेखी परवानगी हवी, आणि पुष्कळ कंपन्या अमेरिकेतली गाडी मेक्सिकोत नेऊच देत नाहीत.

रस्त्याने जाताना सर्वाधिक चूक होते ती प्रवेशाच्या कागदात. विमानतळावर अधिकारी आपल्याला अडवतो. रस्त्यावरच्या नाक्यावर बहुतेकदा कोणीच अडवत नाही. सीमाशुल्काचा दिवा हिरवा लागला की गाडी सरळ शहरात शिरते. तेव्हा स्वतःहून गाडी लावून इमिग्रेशनच्या खोलीत जायचे असते. सात दिवसांच्या आत परतणार असाल तर या कागदाचे शुल्क पडत नाही, पण कागद घ्यावाच लागतो. जास्तीत जास्त 180 दिवस मिळतात, तरी अधिकारी कमीही लिहू शकतो. खिडकी सोडण्याआधी तो आकडा वाचून घ्या, कारण गाडीच्या परवान्याची मुदत त्याच आकड्यावर ठरते.

भारतीय पासपोर्टधारकांनी इथे आणखी सावध राहावे. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाची मुदत संपली असेल, तर ही सवलत नाही आणि मेक्सिकोचा व्हिसा आधी काढावा लागतो. परतताना मात्र एक सोय आहे: अमेरिकेतला आय-94 (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद) चालू असेल आणि मेक्सिकोतला मुक्काम तीस दिवसांच्या आत असेल, तर मुदत संपलेल्या व्हिसावरही सहसा परत प्रवेश मिळतो. पण त्याच फेरीत मेक्सिकोतल्या अमेरिकी वकिलातीत नव्या व्हिसाचा अर्ज केला, तर ही सोय हातची जाते. रांग निवडतानाही हे लक्षात असू द्या. 'सेंट्री' या आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांच्या जलद रांगेत गाडीतल्या प्रत्येकाकडे सेंट्रीचे कार्ड हवे, 'रेडी लेन'मध्ये चिप असलेले ओळखपत्र हवे. ग्रीन कार्ड रेडी लेनमध्ये चालते, भारतीय पासपोर्टवरचा व्हिसा चालत नाही. कुटुंबात एकाकडे जरी कार्ड नसेल, तर सगळ्यांनी साध्या रांगेत उभे राहावे.

आता नाके. टेक्सासमधून मध्य मेक्सिकोकडे जाणारे बहुतेक जण लारेदो पकडतात, कारण नकाशावर ते सर्वांत सरळ दिसते. तिथला वर्ल्ड ट्रेड ब्रिज फक्त मालट्रकसाठी आहे. मोटारी हुआरेस-लिंकन पुलावरून जातात. परवान्याचे कार्यालय पुलाजवळ असले, तरी नदीकाठच्या रस्त्यावर वळून तिथे पोहोचावे लागते. वळण चुकले की गाडी नुएवो लारेदोच्या गल्ल्यांत शिरते, आणि या शहरात रस्ता चुकणे परवडणारे नाही. ते ज्या तामाउलिपास राज्यात आहे, ते राज्य अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवास-इशाऱ्यांत चौथ्या, म्हणजे 'प्रवास करू नका' या पातळीवर आहे. म्हणून लारेदोहूनच जायचे असेल, तर शहराच्या वायव्येला असलेला कोलंबिया पूल बरा. तो नुएवो लेओन राज्यात उतरतो, कागदपत्रांची कार्यालये पुलापाशीच आहेत आणि गर्दी कमी असते. मात्र तो चोवीस तास उघडा नसतो, तेव्हा वेळा आधी तपासाव्यात.

त्याहून बरा पर्याय टेक्सासमधल्याच ईगल पास या सीमेवरच्या गावाचा आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखच नव्हता याचे वाईट वाटले. पलीकडच्या पिएद्रास नेग्रासहून 57 क्रमांकाचा महामार्ग मोन्क्लोवा, साल्तियो, मातेवाला करत सान लुईस पोतोसीला जातो. तामाउलिपास लागतच नाही. मातेवाला हा या वाटेवरचा नेहमीचा मुक्काम. तिथे उजेडी पोहोचायचे तर नाका सकाळी सात-आठलाच ओलांडायला हवा, म्हणजे आदल्या रात्री अमेरिकेच्याच बाजूला राहावे. साल्तियोच्या पुढे मालट्रकांची दाट वर्दळ असते, म्हणून वेळेचा हिशेब सैल ठेवावा.

ॲरिझोनातून जायचे तर नोगालेस. गावातला दिकन्सिनी नाका टाळून मारिपोसा नाक्याने गेल्यास थेट 15 क्रमांकाच्या महामार्गाला लागता येते. इथे कार्यालये सीमेवर न शोधता दक्षिणेला 21 व्या किलोमीटरवर थांबावे. सोनोरा ओलांडून सिनालोआत जाणाऱ्यांना परवाना तिथे किंवा पुढे एम्पाल्मेला घेता येतो. पण सप्टेंबर 2024 पासून सिनालोआत टोळ्यांच्या गटांत उघड संघर्ष पेटला आहे आणि तेही राज्य चौथ्या पातळीवर आहे. सिनालोआतले मासात्लान शहर पाहायचेच असेल, तर दुरांगोकडून येणारा 40डी हा टोलरस्ता आहे. 2013 मध्ये खुल्या झालेल्या या रस्त्यावर चारशे मीटरहून उंच बालुआर्ते पूल आहे आणि जुन्या घाटाचा निम्म्याहून अधिक वेळ वाचतो. तरीही शेवटचा टप्पा सिनालोआतूनच जातो, हे विसरू नये. नोगालेस ते एर्मोसियो या पट्ट्यात अमेरिकी सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांनाही दिवसाउजेडीच प्रवास करायला सांगते. आपणही तोच नियम पाळावा.

नेहमीच्या नाक्याला एक पर्याय खिशात असू द्या. डिसेंबर 2023 मध्ये ॲरिझोनातला लूकव्हिल नाका अचानक बंद झाला आणि जवळपास महिनाभर बंदच राहिला.

बाहाचा प्रवास कागदपत्रांच्या दृष्टीने सर्वांत सोपा. तिहुआनाची परतीची रांग तासन् तास चालते. त्याऐवजी तेकाते किंवा ओताय मेसा हे नाके पाहावेत, तेकाते रात्री बंद असते. खरी अडचण पुढे येते. एल रोसारिओ सोडल्यावर ग्वेरेरो नेग्रोच्या अलीकडेपर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास भरवशाचा पेट्रोलपंप नाही, म्हणून एल रोसारिओला टाकी भरावीच. आणि परवान्याशिवाय बाहात शिरलेल्यांना ला पासहून फेरीबोटीने मुख्य भूमीवर जावेसे वाटले, तर परवाना पिचिलिंगे बंदरावर काढावा लागतो. मूळ नोंदणीचे कागद घरी राहिले असतील, तर बेत तिथेच संपतो.

रस्ता निवडताना टोलचा 'कुओता' घ्यावा, फुकटचा 'लिब्रे' नव्हे. क्रमांकापुढे 'डी' असेल तर तो टोलरस्ता. टोल महाग आहे आणि परदेशी कार्ड प्रत्येक टोलनाक्यावर चालेलच असे नाही, तेव्हा पेसोची रोकड जवळ हवी. लिब्रेवर गावागावांत 'तोपे' म्हणजे गतिरोधक असतात, कित्येकांवर रंगही नसतो. साठच्या वेगात गाडी आदळली की टायर किंवा चेंबर जाते. रात्री त्यात मोकळी गुरे आणि दिव्यांविना उभे ट्रक यांची भर पडते. गाडी बंद पडली तर 078 वर 'आंखेलेस वेर्देस' ही सरकारी मदतगाडी मिळते, आणीबाणीला 911.

मेक्सिको सिटीतून जाण्याचा मोह टाळावा. तिथे गाडीच्या नंबरपाटीच्या शेवटच्या अंकानुसार ठरावीक वारी गाडी चालवायला बंदी असते आणि ती परदेशी पाट्यांनाही लागू आहे. पुएब्लाकडे जायचे असेल तर आतलाकोमुल्कोहून सान मार्तीन तेक्समेलुकानला जाणारा आर्को नोर्ते शहराला वळसा घालतो.

अमेरिकी मोटारविम्याने मेक्सिकोतली दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी भागत नाही. मेक्सिकोतल्या कंपनीची पॉलिसी निघण्याआधी घ्यावी आणि तिच्यात कायदेशीर मदत व जामीन यांची तरतूद असावी, कारण अपघातात कोणी जखमी झाले तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवले जाऊ शकते. परवाना न लागणाऱ्या भागात उसनी गाडी नेत असाल तर सीटखाली, डिकीत नीट बघा. बंदुकीची एक विसरलेली गोळीही तिथे तुरुंगात नेऊ शकते.

परतताना सीमेकडे धाव घेण्याआधी बान्हेर्सितोच्या कार्यालयात थांबून गाडीचा परवाना रद्द करून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. परवाना काढला त्याच नाक्यावरून परतायची सक्ती नाही, पण परतीच्या नाक्यावर हे कार्यालय आहे का आणि त्या वेळी ते उघडे असते का, हे निघतानाच पाहून ठेवावे. अनामत कार्डावर भरली असेल तर कार्डावर परत येते. मुदत एका दिवसानेही उलटली तर ती जाते, आणि गाडी अमेरिकेत पोहोचली तरी मेक्सिकोच्या नोंदीत ती तिथेच राहते. पुढच्या वेळी त्या नावावर नवा परवाना मिळत नाही.

कळावे,
आपला एक वाचक