जुनी डान्स गाणी, सगळीच भारी नव्हती

संपादक साहेब,

आता पूर्वीसारखी नाचायची गाणी बनतच नाहीत असं जो तो म्हणतो, पण मला ते अर्धंच पटतं. जुन्यातही भंगार भरपूर होतं, आपण ते विसरलो इतकंच. १९७९ ला शिकागोच्या स्टेडियमवर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोट करून उडवल्या, डिस्को संपला म्हणे, आणि त्याच शहरात काही वर्षांत क्लबवाल्या पोरांनी डिस्कोचाच ठेका ड्रम मशीनवर चढवून हाउस म्युझिक काढलं! म्हणजे टिकतं ते, ज्यातून पुढच्याला काहीतरी उचलता येतं. रोलँड या जपानी वाद्य-कंपनीचं टीबी-३०३ घ्या ना, बेस गिटारऐवजी वापरायला काढलेलं मशीन, खपलं नाही, १९८४ ला बंद पडलं, मग सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं तेव्हा पोरांनी सूर चालू असतानाच त्याची बटणं पिळली आणि तो चिरका, चिकट आवाज निघाला, तोच ॲसिड हाउस या हाउसच्याच एका प्रकाराचा आवाज. नुसता त्या सीझनचा रेडिमेड आवाज चिकटवलेली गाणी मात्र वर्षभरात शिळी होतात (माझ्या कपाटातल्या कॅसेटी साक्षीला आहेत). आजचं काय टिकेल ते मला विचारू नका, लेकीला जे आवडतं ते मला अजून मोबाइलचा अलार्मच वाटतो.

– एक वाचक