बेबी कॅरियर वयावर नव्हे, मापावर निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळाला अंगाशी बांधून नेण्याच्या कॅरियरबद्दल जे छापून येते, त्यात कापड, रंग आणि खिसे यांचीच चर्चा अधिक असते. खोक्यावर ‘० ते ३६ महिने’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि पालक त्या आकड्यावर विसंबून ते घरी आणतात. दोन-तीन महिन्यांत बाळ त्यात बसताच कुरकुरू लागते, घेणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि कॅरियर कपाटात जाऊन पडते. अशा वेळी ‘आमच्या बाळाला आवडतच नाही’ असे म्हटले जाते. खरे कारण बहुतेकदा वेगळे असते: माप मुळात जुळलेले नसते, किंवा बाळ वाढले तरी पट्टे आणि बैठक (बाळाच्या बुडाखालचे, मांड्यांना आधार देणारे कापड) पहिल्या दिवशी होती तशीच राहिलेली असते.

पहिल्या वर्षात बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटरवरून ७५ वर जाते. वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या शरीराला एकाच आकाराची बैठक वर्षभर पुरणे शक्य नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा तो हा: बैठकीची रुंदी कमी-जास्त होते का, आणि कितीपासून कितीपर्यंत?

हे मोजायला साधी शिवणकामाची टेप पुरते. बाळाला मांडीवर आपल्याकडे तोंड करून बसवावे, पाय आपोआप फाकतील तेवढेच फाकू द्यावेत, ओढू नयेत. टेप एका गुडघ्यामागच्या घडीपासून बुडाखालून दुसऱ्या गुडघ्यामागच्या घडीपर्यंत न्यावी. हा आकडा म्हणजे बैठकीची आजची रुंदी. कापड याहून अरुंद असेल तर मांड्या लोंबतात आणि सगळे वजन जांघेवर येते. रुंद असेल तर कापड गुडघ्याच्या पुढे पोटरीखाली जाते, पाय सरळ ताठ राहतात आणि बाळ पायांनी रेटा देऊन मागे झुकते. पुढे वाढेल म्हणून आत्ताच मोठे घेऊन ठेवण्याची सवय कपड्यांपुरती ठीक. कॅरियरमध्ये ती बाळाला त्रासदायक ठरते.

गुडघ्यांची ही काळजी खुब्याच्या सांध्यासाठी घ्यायची. तान्ह्या बाळाच्या खुब्याची वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात नीट बसलेला राहिला तरच ती खोल आणि गोल घडते. इंटरनॅशनल हिप डिस्प्लेशिया इन्स्टिट्यूट ही संस्था म्हणूनच सांगते की मांड्या बाजूंना पसरलेल्या आणि खालून आधार मिळालेल्या असाव्यात, गुडघे बुडापेक्षा किंचित वर असावेत. पहिले सहा महिने याला सर्वाधिक महत्त्व. अरुंद बैठकीच्या कॅरियरमध्ये थोडा वेळ बसल्याने निरोगी बाळाचा सांधा बिघडेल अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. पण रोज बराच वेळ वापरायचे असेल तर गुडघ्यापर्यंत आधार देणारेच घ्यावे. बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला खुब्याचा जन्मजात दोष असेल तर डॉक्टरांकडून सांधा तपासून घेतल्याशिवाय निवड करू नये.

दुसरे माप पाठीच्या कापडाच्या उंचीचे. मान न धरणाऱ्या बाळाला आणि झोपलेल्या कोणत्याही बाळाला कापड मानेच्या वरपर्यंत, कानाच्या पाळीच्या आसपास आले पाहिजे. त्याहून वर जाऊन चेहरा झाकता कामा नये. जागे असलेल्या, पक्की मान धरलेल्या बाळाला ते काखेपर्यंत आले तरी चालते. काही कॅरियरमध्ये वरची कड दुमडून बटणाने लहान करता येते. ही सोय खिशांपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट, श्वासाची. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये झोळीवजा स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ बाळांचे मृत्यू नोंदले गेले होते आणि त्यांतली १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. धोका दोन तऱ्हांनी होतो. एक, कापड किंवा घेणाऱ्याचे अंग नाकातोंडावर दाबले जाते आणि मान वळवता न येणारे बाळ मिनिटा-दोन मिनिटांत गुदमरते. दुसरी तऱ्हा जास्त फसवी: बाळ खोल झोळीत मुटकुळे होऊन बसते, हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनलिका दुमडून अरुंद होते. अशा बाळाला रडताही येत नाही. ते शांत झोपले आहे असेच वाटते.

म्हणून बांधून झाले की दर वेळी तपासावे. बाळाचा चेहरा मान खाली करताच दिसला पाहिजे. टाळूचा पापा सहज घेता आला पाहिजे. वाकावे लागत असेल तर बाळ फार खाली आहे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटे मावली पाहिजेत. पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबावे: बाळ आपल्या अंगाकडे सरकले किंवा त्याची पाठ सरळ झाली, तर पाठीमागचे कापड सैल आहे आणि झोप लागताच ते खाली घसरणार. तान्ह्या बाळाची पाठ थोडी गोलाकार असणे स्वाभाविक आहे, तिला ताठ करण्यासाठी उशी किंवा टॉवेल खुपसू नये. डोक्यामागे घातलेली उशी तर हनुवटी छातीकडेच ढकलते. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा श्वासाची तक्रार असलेले बाळ असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणतेही कॅरियर वापरू नये.

प्रकारांविषयी थोडक्यात. ताणणाऱ्या कापडाचा रॅप पाचेक मीटर लांब असतो आणि तो बाळाला आत घेण्याआधी आपल्या अंगावर बांधून ठेवायचा असतो. पहिल्या काही महिन्यांत त्याच्याइतके मऊ आणि सर्व बाजूंनी आधार देणारे दुसरे काही नाही. मात्र सात-आठ किलोच्या पुढे तो वजनाने लोंबू लागतो. बांधल्यावर अर्ध्या तासात बाळाचे बूड आपल्या बेंबीखाली आले, तर त्याचे दिवस संपले असे समजावे. या रॅपमध्ये बाळाला पाठीवर कधीच घेऊ नये, कारण कापड ताणून ते मागे निसटू शकते. विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाचा रॅप मूल चालू लागल्यावरही चालतो; तो बांधायला शिकण्याची चिकाटी हवी. रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांतून ओवलेले लांब कापड, एका खांद्यावर घ्यायची असते. सतत चढ-उतर करणाऱ्या, कडेवर बसू लागलेल्या बाळासाठी ती झटपट उपयोगी पडते, पण भार एकाच बाजूला येतो म्हणून खांदा बदलत राहावे. तिच्या कड्या अखंड, सांधा नसलेल्या आहेत का हे बोट फिरवून पाहावे.

बहुतेक घरांत शेवटी बकलचे कॅरियर येते आणि सर्वाधिक चुकाही त्याच्यात होतात, म्हणून ते बांधण्याची रीत जरा सविस्तर सांगते. आधी कमरेचा पट्टा. तो ढुंगणावर नव्हे, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आडवा आणि घट्ट बसला पाहिजे. बाळ लहान असेल तर आणखी वर, पोटावर. मग बाळाला छातीशी उंच धरून हळूच खाली बसवायचे. एक हात कापडाच्या आत घालून बाळाचे बूड खाली आणि किंचित पुढे, आपल्या पोटाकडे वळवायचे, म्हणजे गुडघे आपोआप वर येतात. ही एक कृती वगळली की बाळ उभ्यासारखे लटकते आणि मग बैठक कितीही चांगली असो, उपयोग होत नाही. पाठीचे कापड वर ओढून खांद्यांचे पट्टे घालावेत, मागचा आडवा पट्टा लावावा. त्यानंतर एका हाताने बाळाचे बूड उचलून धरावे आणि दुसऱ्या हाताने पट्टा ओढावा. वजन लोंबत असताना पट्टा ओढला तर कितीही जोर लावला तरी ढिलाई राहते. काढताना क्रम उलटा: आधी मागचा पट्टा, मग खांदे, बाळ हातात आल्यावरच कंबर.

दुखते कुठे, यावरून चूक ओळखता येते. खांद्यांवर ओझे वाटत असेल तर कमरेचा पट्टा सैल आहे किंवा खाली घसरला आहे आणि भार कमरेवर येतच नाही. मानेच्या बुडाशी कळ येत असेल तर पाठीमागचा आडवा पट्टा फार वर आहे. तो पाठीच्या फऱ्यांवर, काखेच्या पातळीला आणावा. पट्टे खांद्यावरून बाहेर घसरत असतील तर तोच पट्टा फार खाली किंवा फार सैल आहे. कंबर धरत असेल तर बाळ खाली किंवा अंगापासून दूर लटकत आहे. अरुंद खांद्यांच्या व्यक्तीला पाठीवर फुलीसारखे जाणारे पट्टे सहसा अधिक सोसतात, त्यामुळे पट्टे दोन्ही पद्धतींनी लावता येणारे कॅरियर घेतलेले बरे. आई आणि बाबा दोघेही वापरणार असतील तर खरेदीला दोघांनी जावे. बाळासाठी लावलेली बैठक तीच राहते. कमरेचे आणि खांद्यांचे पट्टे मात्र प्रत्येकाने नव्याने जुळवायचे.

बाळाचे तोंड बाहेर करून बांधण्याची घाई फार होते. पक्की मान धरल्याशिवाय, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांपूर्वी, ते करूच नये. नंतरही वीस-तीस मिनिटांपुरते आणि बाळ जागे असेपर्यंतच. बाहेर तोंड असलेल्या बाळाला गर्दी-गोंगाट नकोसा झाला तर चेहरा लपवायला जागा नसते. पेंगताच डोके पुढे पडते. शिवाय त्याचे वजन आपल्या अंगापासून दूर जाते, म्हणून घेणाऱ्याची पाठही लवकर थकते. ज्या बाळाला आजूबाजूचे पाहायचे आहे त्याला कडेवर किंवा, आधाराशिवाय बसू लागल्यावर, पाठुंगळी घ्यावे. तिथून त्याला दिसतेही आणि टेकायला अंगही मिळते.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. पायमोजे जोडलेला झबलावजा सूट कॅरियरमध्ये वर खेचला जातो आणि बाळाची बोटे मुडपतात. पाय मोकळे ठेवावेत. कॅरियर हा कपड्याचा एक थर मानून बाळाला एक कपडा कमी घालावा आणि मानेमागे हात लावून ऊब पाहावी, कारण तळहात-तळवे थंड असले तरी अंग तापलेले असू शकते. अंगावर पाजायला बाळाला खाली घेतले असेल तर पिऊन होताच पुन्हा वर घेऊन पट्टे आवळावेत. गरम पेय, शेगडी, दुचाकी, धावणे हे कॅरियर बांधलेले असताना वर्ज्य, आणि मोटारीत ते कार सीटची जागा घेऊ शकत नाही. वाकायचे झाले तर कंबरेतून नाही, गुडघ्यांतून, एक हात बाळाच्या पाठीला लावून. कुणाचे वापरलेले घेत असाल तर खांद्याचा पट्टा जिथे कापडाला शिवलेला असतो तिथली शिवण उलटी करून पाहा. बकलला केसाएवढी चीर असली तरी ते नको.

उत्पादक आणि विक्रेत्यांकडे आपल्या वृत्तपत्राने एवढी मागणी लावून धरावी. वय आणि वजनाबरोबर बैठकीची किमान व कमाल रुंदी आणि पाठीच्या कापडाची उंची सेंटिमीटरमध्ये खोक्याच्या बाहेर छापावी. दुकानात एक नमुना उघडा ठेवून पालकांना आपले बाळ त्यात बसवून पंधरा-वीस मिनिटे फिरू द्यावे. बाळ झोपलेले किंवा भुकेले नसताना ही चाचणी घ्यावी आणि ती न देणाऱ्या दुकानातून कॅरियर घेऊ नये.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक