प्रयोगशाळेतल्या मामांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

एम. फार्म.च्या प्रबंधात आभाराच्या पानावर तुमचे नाव आले खरे, पण तुमचे ऋण तिथल्या एका ओळीत मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र.

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही, आणि टिकली तरी ओंडान्सेट्रॉन या उलटी थांबवणाऱ्या औषधाचा सुमारे ४० टक्के भाग रक्तात पोहोचण्याआधीच, मुख्यत्वे यकृतात, खर्ची पडतो. त्वचेवर लावायच्या जेलने या दोन्ही अडचणी टळाव्यात, यासाठी माझे काम होते. मात्र जेल चोळले म्हणजे औषध आत गेलेच, असे नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रांत, मळमळीसाठी मनगटावर लावले जाणारे ‘एबीएच’ जेल २०१२ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर तपासले, तेव्हा त्यातले लोराझेपाम आणि हॅलोपेरिडॉल रक्तात सापडलेच नाही. हे वाचल्यापासून मला खरी धास्ती मोजमापाची होती, आणि तिथेच तुम्ही पाठीशी उभे राहिलात.

त्वचेतून किती औषध उतरते हे मोजायच्या काचेच्या फ्रान्झ सेलमध्ये वर जेल, मध्ये डुकराच्या कानाची त्वचा आणि खाली बफर, म्हणजे उतरलेले औषध झेलणारे द्रावण, एवढीच मांडणी. पण बफर तापला की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि त्वचेखाली बुडबुडा धरतो. तेवढ्या जागेतून औषध उतरत नाही आणि आकडा कमी येतो. म्हणून तुम्ही बफरमधली हवा आधीच काढून ठेवत होतात, आणि तपासायला बफरचा नमुना काढल्यावर दर वेळी तेवढाच ताजा बफर भरताना सेल हलकेच तिरका करून बुडबुडा बाजूच्या नळीने बाहेर कसा काढायचा, हे तुम्ही माझा हात धरून शिकवलेत.

जेल घट्ट करणारी कार्बोपॉलची पूड पाण्यावर चिमटीचिमटीने भुरभुरवून रात्रभर फुगू द्यावी, एकदम ओतली तर गुठळ्या राहतात, हेही तुमच्याकडूनच कळले. आम्लता कमी करून जेल घट्ट करणारे ट्रायइथेनॉलअमीन थेंबाथेंबाने घालताना तर तुम्ही शेजारून हलत नसत. त्याने पीएच जास्त वाढला, म्हणजे आम्लता फार घटली, की ओंडान्सेट्रॉनची विद्राव्यता घटते आणि काचेसारखे स्वच्छ जेल दुधाळ होते. “ताई, उजेडासमोर धरून बघा,” हे तुमचे शब्द मी आजही पाळते.

हे जेल अजून प्रयोगशाळेबाहेर पडलेले नाही आणि रुग्णापर्यंतची वाट लांब आहे. परंतु परीक्षकांनी बुडबुड्यांबद्दल विचारले, तेव्हा मी निःशंकपणे उत्तर देऊ शकले, ते केवळ तुमच्यामुळे. नव्या तुकडीतल्या मुलांना मी सांगून ठेवले आहे, की पहिला सेल लावण्याआधी मामांना भेटा.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी