वाचून दाखवणारे पुष्कळ भेटले, तुम्ही वाचता येईल असं केलंत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करता. म्हणून हे उघडं पत्र. डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं, दुकान सांभाळून तुम्ही आपल्या वाचनालयाचे अंक माझ्यासारख्या अंधाला वाचता येतील असे कसे केलेत, हे कोकणातल्या इतर वाचनालयांना आणि डीटीपीच्या दुकानांना कळावं, हाही हेतू आहेच. नाव लिहू नका म्हणालात, ते पाळतो.

काचबिंदूनं माझी नजर आधी कडेकडेनं गेली, मग मधली. मराठीचा मास्तर होतो, निवृत्तीला अजून अवकाश होता. तेव्हापासून मला वाचून दाखवणारी माणसं पुष्कळ भेटली. सौ. सकाळी पेपर वाचते, शेजारचा मुलगा आलेली पत्रं वाचून देतो, जुने विद्यार्थी पुस्तकं रेकॉर्ड करून पाठवतात. या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या सवडीनं वाचणं. एखादा लेख कंटाळवाणा निघाला तर ‘हा सोड’ म्हणायला संकोच वाटतो. एखादं वाक्य आवडलं तर तेच पुन्हा तिसऱ्यांदा वाच असं सांगवत नाही. रात्री दोनला झोप मोडली तर कोणाला उठवायचं? आणि काही मजकूर माणसानं एकट्यानंच वाचायचा असतो. डॉक्टरचा रिपोर्ट, थोरल्या भावाचं जुनं पत्र. माझं मला वाचता येण्याची ही मोकळीक गेली होती. ती तुमच्यामुळे परत आली.

आपल्या वाचनालयानं हौसेनं वेबसाइट केली आणि जुने वार्षिकांक तिच्यावर चढवले, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. त्यातल्या कितीतरी अंकांची मुद्रितं मी स्वतः तपासली होती. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए लावला. हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. अंधांना असल्या प्रोग्रामसाठी भारी किंमत मोजावी लागत होती, म्हणून त्यांनी आपला सगळ्यांना फुकट दिला. आज तो मराठी वाचतो. आवाज जरा यांत्रिक आहे, पण सरावानं कानाला बसतो.

त्या दिवशी मात्र तो निम्म्या अंकांवर ‘ग्राफिक’ म्हणून गप्प बसला, कारण ती पानं नुसते फोटो होते. उरलेल्या अंकांवर तो बोलला, पण काय बोलला! मुखपृष्ठावरचा ‘मराठी’ हा शब्द मी अक्षर-अक्षर ऐकला तर निघालं: अंडरस्कोर, ए, एम, कॅप आर, ग्रेटर, आर.

कारण तुम्ही जाणताच, पण इतरांसाठी लिहितो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा ठराविक क्रमांक देणारी जगभरची पद्धत. 1991 साली आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. आपल्या छापखान्यांत मात्र त्यानंतर कित्येक वर्षं वेगळेच फॉण्ट चालू राहिले. त्यांत आत साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉण्ट त्याला मराठीचं रूप चढवतो. दिसायला ‘म’ दिसतो, आत असतो अंडरस्कोर. डोळ्यांना फरक कळत नाही. यंत्राला रूप दिसत नाही, ते आतलं असेल ते वाचतं. गूगलवर शोधूनही ते लेख कोणाला सापडत नव्हते ते याच कारणानं, म्हणजे डोळस वाचकांचंही नुकसान होतच होतं.

तुम्ही त्या दिवशी निमंत्रणपत्रिकेची प्रुफं घेऊन वाचनालयात आला होतात. माझ्या कॉम्प्युटरमधून चाललेली बडबड ऐकून थांबलात. खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, ‘सर, परत लावा.’ मी परत लावलं. पूर्ण पान तुम्ही ऐकलंत. मग म्हणालात, ‘ह्यां मशीनाक वाचूक येना नाय तर मगे लिवलां कित्याक?’ माझ्याबद्दल वाईट वाटलं, असलं काहीही तुम्ही बोलला नाहीत. चूक माझ्या डोळ्यांत नसून फाइलमध्ये आहे, हे तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलंत. दिव्यांगांच्या प्रश्नावर मी भाषणं पुष्कळ ऐकली आहेत, इतकी नेमकी गोष्ट कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

पुढचं काम किचकट होतं. जुन्या फॉण्टचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते शंभर टक्के बरोबर कधीच करत नाहीत. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं तर उलटंच. त्यामुळे ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो, ‘मार्ग’चा ‘मागर्’. अंकातल्या मालवणी कथांमध्ये तर कन्व्हर्टरनं धुमाकूळ घातला होता. दुकानातलं काम आवरून तुम्ही रात्री एकेक पान दुरुस्त करायला बसत होता. मग मी ऐकायचो आणि कानाला खटकलेले शब्द तुम्हाला कळवायचो. डोळ्यांखालून सुटलेला रफार कान बरोबर पकडतो, हे तेव्हा आपल्या दोघांच्याही लक्षात आलं. फोटोच्या पानांचं ओसीआर केलंत, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून मजकूर करून घेतलात. दमट हवेनं डाग पडलेल्या पानांवर तेही हरलं, तेव्हा ती पानं तुम्ही सरळ हातानं टाईप केलीत.

एवढ्यावर तुम्ही थांबला असतात तरी मी जन्मभर आभारी राहिलो असतो. पण तुम्ही विचारलंत, ‘अंकात लेख कसा शोधता?’ मी म्हणालो, पहिल्यापासून ऐकत जातो. ते तुम्हाला पटलं नाही. तुम्ही वाचून आलात आणि सांगितलंत की अक्षर मोठं नि ठळक केलं म्हणजे माणसाला ते शीर्षक वाटतं, यंत्राला वाटत नाही. त्याला ‘हेडिंग’ म्हणून खूण द्यावी लागते. तुम्ही प्रत्येक लेखाला ती खूण दिलीत. आता मी एच दाबतो आणि पुढच्या लेखावर जातो, पुन्हा एच, त्याच्या पुढच्या. पान चाळणं म्हणतात ते हेच. इतक्या वर्षांनी मी अंक चाळला, ताई! संपादकीय टाळलं, कविता टाळल्या आणि रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढून करायच्या मासेमारीवरच्या, लेखाशी थांबलो. टाळता येणं हे वाचकाचं केवढं मोठं सुख आहे, हे डोळे असताना ध्यानात आलं नव्हतं. वेबसाइटच्या कोडमध्ये पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती, ती ‘एमआर’, म्हणजे मराठी, करून घेतलीत ती वेगळीच. तेव्हापासून यंत्र आपणहून मराठी आवाज लावतं.

त्या रापणीच्या लेखात देवबागचा एक जुना फोटो आहे. आधी तिथं यंत्र फक्त फाइलचा नंबर घोकायचं. तुम्ही फोटोमागे वर्णन लिहिलंत: ‘देवबागचा किनारा. दोन रांगांत माणसं रापणीचे दोर ओढत आहेत. डाव्या रांगेत सर्वांत पुढे एक म्हातारा, दोर कमरेला गुंडाळलेला, टाचा वाळूत रुतलेल्या. मागे दोन बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या.’ हा फोटो मी नजर असताना पाहिला होता. त्या रिकाम्या टोपल्या तेव्हा माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. आणि पानाच्या कडेची वेलबुट्टी? तिचं वर्णन मुद्दाम कोरं ठेवलंत, म्हणजे यंत्र ती ओलांडून जातं. काय सांगायचं याइतकंच काय सांगायचं नाही हे कळायला लागतं. ते कोणत्याही कोर्समध्ये न जाता तुम्हाला कळलं, कारण तुम्ही शेजारी बसून ऐकलंत.

फायदा माझ्या एकट्याचा झाला नाही. पिवळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं तुम्ही काळी केलीत. साध्या आकाराचं अक्षर आणि त्याच्या मागचा रंग यांच्या उजळपणात निदान 4.5 : 1 इतका फरक असावा असा जगभर मानला जाणारा निकष आहे. मोतीबिंदू असलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना त्यासाठी निकष वाचावा लागला नाही, त्यांना वेबसाइट एकदम बरी दिसायला लागली. व्याख्यानमालेच्या व्हिडिओंखाली मराठी मजकूर टाईप केलात, त्यामुळे एक कर्णबधिर मुलगी ती व्याख्यानं आता घरी बसून बघते. तिच्या वडिलांनी हे मला मुद्दाम येऊन सांगितलं.

कायदा याच बाजूनं आहे, हे समितीतल्या मित्रांसाठी लिहून ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला, 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं कलम 42 सांगतं की ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावा यासाठी सरकारनं पावलं उचलावीत. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्याही पुढे जाऊन, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या स्त्रीला केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटायला सांगतात, ती कुठून मिटणार, हा त्या खटल्यातला प्रश्न होता. तिच्यासारख्यांना अडवणारी दारं अजून किती आहेत ते मला रोज कळतं. परवाच एका ऑनलाइन अर्जात चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला सांगितली, त्याला आवाजाचा पर्याय नव्हता. तो अर्ज शेवटी दुसऱ्याकडून भरून घेतला, आणि भरताना माझी सगळी खासगी माहिती त्याला मोठ्यानं सांगितली.

पुस्तकांबद्दलही एक सांगतो, कारण समितीत त्यावरून शंका निघाली होती. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करायला मुभा आहे, अट अशी की ती नफ्यासाठी नसावी आणि त्यांच्यासाठीच वापरली जावी. याच विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार 2013 साली झाला आणि 2014 मध्ये त्याला सगळ्यांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही चालू आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं. इतकी जुनी परंपरा असलेल्या किनाऱ्यावर प्रत्येक वाचनालयानं आपलं निदान एकेक पुस्तक तरी असं तयार करावं, असं मला मनापासून वाटतं.

आता थोडं रागावून लिहितो. तुम्ही या कामाचे फक्त कागदाचे नि वीजबिलाचे पैसे घेतलेत. ‘सरांचा काम, त्याचे पैशे कसले,’ म्हणालात. ताई, हे माझं काम नाही, वाचनालयाचं आहे. लग्नपत्रिका जुळवायला जितकं कसब लागतं त्याहून जास्त याला लागलं. ते फुकट होत राहिलं तर सगळ्यांना ती दया वाटेल, आणि दया आटली की काम बंद. तुमच्या दुकानात येणाऱ्या मुलींना हे शिकवून त्यांच्या हाती चार पैसे पडावेत, तरच पुढचे अंक होतील.

म्हणून मी समितीकडे लेखी अर्ज दिला आहे. पुढच्या वार्षिकांकाच्या छपाईच्या खर्चातच युनिकोड फाइल, शीर्षकांच्या खुणा आणि फोटोंची वर्णनं यांचा दर धरावा, आणि तो दर तुम्ही ठरवावा. ग्रंथपालांनी अर्ज आवक वहीत नोंदवून घेतला आहे. पुढच्या बैठकीत तुम्हाला बोलावणं येईल. तेव्हा विषय बदलू नका, आकडा सांगा.

आपला,
वाचनालयाचा एक जुना सभासद
मालवण