विलंबाचा फटका लहान पुरवठादारांना

महोदय,

दिवाळखोरीत गेलेली भूषण पॉवर अँड स्टील ही पोलाद कंपनी ताब्यात घेऊन चालवण्याची जेएसडब्ल्यू स्टीलची योजना वैध ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २६ सप्टेंबर २०२५ चा निकाल स्वागतार्ह आहे. मे महिन्यात त्याच न्यायालयाने दिलेला अवसायनाचा, म्हणजे कंपनी बंद करून मालमत्ता विकण्याचा, आदेश कायम राहिला असता, तर चालता कारखाना मोडीत निघण्याची वेळ आली असती. मात्र दिवाळखोरी संहितेत ३३० दिवसांची मुदत असताना, २०१७ मध्ये सुरू झालेले हे प्रकरण आठ वर्षे रेंगाळले. अशा विलंबाची सर्वाधिक झळ माल पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांना बसते, कारण योजनेवर निर्णय घेणाऱ्या धनकोंच्या, म्हणजे मुख्यतः कर्ज देणाऱ्या बँकांच्या, समितीत त्यांना मताधिकारच नाही. बँका थांबू शकतात. पुरवठादाराला कामगारांचे पगार दरमहा द्यावेच लागतात. दिवाळखोरीची ही प्रकरणे चालवणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातील रिक्त पदे सरकारने तातडीने भरावीत आणि अपिलांच्या निकालांनाही बंधनकारक मुदत घालावी.

– एक वाचक