तीन दिवसांच्या बाळाचे कोणते पाप?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका लेखात वाचले की, ख्रिस्ती धर्मानुसार माणूस जन्मतःच पापी असतो आणि म्हणून मरतो. आम्ही मिरजेचे जुने ख्रिस्ती. वाक्य खोटे आहे असे म्हणवत नाही, पण ते अर्धेच आहे.

पहिला माणूस आदाम याच्याकरवी पाप जगात शिरले आणि पापाकरवी मरण, असे येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना पत्रात लिहिले खरे. त्यावरून जुन्या काळचा धर्मपंडित ऑगस्टीन याने आदिपापाची, म्हणजे आदामाचे पाप प्रत्येकाला जन्मतःच चिकटते ही शिकवण पक्की केली. आदाम पाप न करताही मेला असता असे म्हणणाऱ्यांना ४१८ सालच्या कार्थेजच्या धर्मसभेने शापितच ठरवले. पण ऑगस्टीनपुढे लॅटिन भाषांतर होते. त्यात ‘त्याच्यामध्ये (म्हणजे आदामामध्ये) सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघतो. आपले मराठी बायबल ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ असे म्हणते आणि मूळ ग्रीकाला हेच जवळचे आहे. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स चर्च तर मानते की आदामाकडून मरण वारशाने येते, त्याचा अपराध मात्र येत नाही. सातबाऱ्यावर बापाचा बोजा पोराच्या वाट्याला येतो, म्हणून काही पोराने कर्ज काढले असे होत नाही.

बायबलातले पहिले, उत्पत्तीचे पुस्तकच उघडून बघावे. देवाने मना केलेले फळ खाण्याआधीच आदाम मातीचा आहे. पाप झाल्यावर देव त्याला बागेबाहेर काढतो, ते त्याने जीवनाच्या झाडाचे फळ खाऊन सदासर्वकाळ जगू नये म्हणून. म्हणजे अमरपण त्याच्या अंगचे नव्हतेच, ते झाडाचे होते. आणि बायबलातले पहिले मरण कोणाचे? आदाम ९३० वर्षे जगला. आधी गेला तो त्याचा मुलगा हाबेल, ज्याचे अर्पण देवाला आवडले होते.

हे सगळे मी पुस्तकी हौसेने लिहीत नाही. मी तीस वर्षे परिचारिका होते. एकदा तीन दिवसांचे बाळ गेले. दफनाला पांढऱ्या कापडातली ती पेटी बापाने एकट्याने दोन हातांवर आणली होती, चार खांदे लागलेच नाहीत. बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने त्या खड्ड्याशी उभे राहून आदिपापावर पंधरा मिनिटे सांगितले. शेजारची हिंदू आजी माझ्या कानाशी म्हणाली, “आमच्यात मागच्या जन्माचं म्हणतात, तुमच्यात आदामाचं. सिस्टर, लेकरू कुठंच सुटत नाही व्हय?” मला उत्तर सुचले नाही. आई मात्र एक शब्द बोलली नाही, नुसती मातीकडे बघत होती.

त्याच पौलाने करिंथकरांना लिहिताना मरणाला ‘शेवटचा शत्रू’ म्हटले आहे. आमच्या गावात १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचे इस्पितळ उघडले, ते मरण ही पापाची रास्त सजा आहे म्हणून हात बांधून बसायला नव्हे. (सजाच असती तर कॉलऱ्याच्या रोग्याला सलाईन लावणे हा देवाच्या कामात अडथळाच ठरला असता!)

कॅथलिक चर्चचा १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथ मरणाला पापाचा परिणाम म्हणतो. पण माणूस स्वभावतः मर्त्यच आहे, त्याने मरावे हे मात्र देवाच्या मनात नव्हते, हेही तिथेच लिहिले आहे. पुढच्या रविवारी एवढी पुरवणी जोडावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज (जि. सांगली)