कौंटी फेअरमध्ये पाठीशी उभ्या राहिलेल्या सर्वांचे मनापासून आभार

फोर-एच या मुलामुलींना शेती-पशुपालनासारखी कामं शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या चळवळीतला आमच्या लेकीचा मेंढीपालन प्रकल्प यंदा कौंटी फेअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेत, छान पार पडला. नाव-गाव न सांगता मदत करून गेलेल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

१९०२ साली ओहायोत शाळकरी मुलांसाठी सुरू झालेली ही चळवळ आजही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवावर चालते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. वजनकाट्यापाशी कोकराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर दोनदा ताडून पाहणारे काका, लोकर कातरायचं स्वतःचं मशीन तेल घालून हाती देणाऱ्या मावशी. परीक्षकांना कोकरू दाखवायच्या रिंगणात दोरी नसते. एक हात कोकराच्या हनुवटीखाली धरायचा, आपला गुडघा त्याच्या छातीला टेकवायचा आणि त्याला ताठ उभं ठेवायचं. आमचं ऐन वेळी अडून बसलं. तेव्हा शेजारच्याच स्पर्धक मुलाने हळूच सांगितलं, "हनुवटी थोडी वर घे." कोकरू उभं राहिलं! अशा पोराचं कौतुक करावं तेवढं थोडंच, त्याच्या आईवडिलांचंही.

लिलावात कोकरू विकलं गेल्यावर लेक खूप रडली. तिच्याजवळ बसून तिला मनसोक्त रडू देणाऱ्या आजी, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पुढच्या वर्षी कुणाचं मूल पहिल्यांदाच मेंढी पाळणार असेल, तर आम्हाला हक्काने हाक मारा.